हळदीचं दूध सारखं फाटतंय? आधी आलं आणि गूळ तपासा

सलग तीन रात्री हळदीचं दूध फाटलं तेव्हा मी हळदीचा डबाच रिकामा करायला निघाले होते. पहिल्या रात्री वाटलं, दूध जुनं असेल. दुसऱ्या रात्री ताजं दूध घेतलं, तरी पातेल्याच्या कडेने बारीक पिवळे कण फिरायला लागले आणि बघता बघता मधोमध पाणी सुटलं. तिसऱ्या रात्री पातेलं, चमचा, गाळणी सगळं पुन्हा घासून घेतलं. तरी तेच. घरातल्यांचं निदान तयार होतं: हळदीत भेसळ आहे.

शेवटी एका दुपारी पाच वाट्या मांडल्या. एकाच भांड्यातलं, एकदा उकळून गार केलेलं दूध प्रत्येकीत अर्धी अर्धी वाटी. पहिलीत नुसती हळद. दुसरीत हळद आणि मिरेपूड. तिसरीत हळद आणि गुळाचा खडा. चौथीत हळद आणि किसलेलं कच्चं आलं. पाचवीत तेवढंच आलं, पण आधी चमचाभर पाण्यात पाच मिनिटं उकळून घेतलेलं. मग एकेक वाटी छोट्या पातेल्यात ओतून मंद आचेवर तापवली, आणि दर वेळी पातेलं धुऊन घेतलं.

पहिल्या दोन्ही चार मिनिटं उकळल्या, काही झालं नाही. तिसरी गरम होईपर्यंत ठीक होती, उकळी आली आणि फाटली. चौथीची मात्र गंमत झाली. तिला उकळीपर्यंत जावंच लागलं नाही. वाफ दिसायला लागली तेव्हाच चमचा जड लागायला लागला. दूध आधी मऊ दह्यासारखं धरलं, आणि ढवळल्यावर त्याच्या फुटक्या गुठळ्या झाल्या, भोवती पिवळं पाणी. पाचवी शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली.

म्हणजे हळद निर्दोष सुटली. मी आलं आणि गूळ दोन्ही घालत होते, तेही गार दुधातच, आणि मग सगळं एकत्र तापवत होते. यापेक्षा वाईट पद्धत शोधूनही सापडली नसती.

आलं का फाडतं

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, प्रथिनं तोडणारं. दुधातली केसीन ही प्रथिनं बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात आणि एकमेकांपासून लांब राहतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. झिंजिबेन या गोळ्यांचं बाहेरचं आवरण कातरतं, मग ते एकमेकांना चिकटतात. आल्याचा रस घालून दूध मुद्दाम थिजवायचा एक गोड पदार्थही असतो, तो याच गुणावर जमतो. फक्त तिथे जे हवं असतं तेच इथे नको असतं.

हे विकर साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं, आणि उकळीच्या तापमानाला मरतं. म्हणून गार दुधात आलं किसून मंद आचेवर ठेवलं की आपण त्याला त्याच्या आवडत्या तापमानात आरामात फिरवून आणतो. आच जितकी मंद, तितका त्याला वेळ जास्त. "मी तर अगदी मंद गॅसवर करते, तरी फाटतं" अशी तक्रार करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. मंद गॅसमुळेच फाटत असेल.

चहात आलं घालून दूध फाटत नाही ना? कारण तिथे आलं आधी पाण्यात खळखळ उकळतं, दूध नंतर येतं. हळदीच्या दुधालाही तोच न्याय लावायचा. अर्धा इंच आलं, पाव कप पाणी, पाच मिनिटं उकळी. एवढं केलं की आल्याचा प्रश्न संपला. सुंठ वापरत असाल तर हा त्रास सहसा होत नाही, कारण वाळवण्यात विकराचा जोर बराच जातो. तरी सुंठपूडही पाण्यातच उकळा, चव मोकळी होते. ओली हळद आल्याच्याच कुळातली. ती किसून घालणार असाल तर तिलाही आधी पाण्यात उकळी द्या.

गूळ कधी फाडतो, कधी नाही

आल्याचं एक बरं असतं, ते नेमाने फाडतं, त्यामुळे पकडता येतं. गूळ लहरी. महिनोन् महिने काही होत नाही, मग एक दिवस नवीन ढेप फोडली की रोज रात्री दूध नासायला लागतं आणि माणूस दुधावर संशय घेतो.

दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.८ असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की न तापवलेलं दूधही फाटतं. पण तापलेल्या दुधाला एवढं खाली जावं लागत नाही, थोडीशी आंबट बाजू मिळाली तरी उकळत्या दुधात प्रथिनं एकमेकांना धरतात. गुळात मुळातच थोडी आम्लता असते, शिवाय क्षारही असतात. गूळ जुना झाला, ओल धरून चिघळला, की आम्लता आणखी वाढते. म्हणून एका गुळाने काही होत नाही आणि दुसऱ्याने पातेलं नासतं.

उपाय सोपा आहे. गूळ उकळत्या दुधात घालायचा नाही. गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग बारीक किसलेला किंवा चमचाभर पाण्यात विरघळवलेला गूळ घालून ढवळा. आणि त्यानंतर पुन्हा गरम करायला ठेवू नका. ही शेवटची गोष्ट विसरली जाते. दूध पिता पिता गार झालं म्हणून परत पातेल्यात ओतलं आणि फाटलं, असं माझंच दोनदा झालंय. उरलेलं पुन्हा तापवावं लागणार असेल तर गूळ पातेल्यात न घालता ज्याच्या त्याच्या कपात घाला.

चिघळलेला, बोटाला चिकटणारा, थोडा आंबूस वास येणारा गूळ असेल तर मी त्या आठवड्यात सरळ साखर घालते. गूळच हवा हा आग्रह दुधाच्या जिवावर उठू नये.

दूध मुळातच काठावर असेल तर

कधी आलंही नसतं, गूळही नसतो, तरी फाटतं. तेव्हा दूध स्वतःच आंबटपणाच्या काठावर असतं. गार असताना वासही येत नाही, चवही बरी लागते, आणि उकळी फुटली की जातं. याची परीक्षा आहे: एका पळीत दोन चमचे दूध घेऊन थेट आचेवर उकळा. तिथे कण दिसले तर मसाल्यांवर आळ घेऊ नका. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि अर्धा लिटर दूध वाचवते.

काठावरचं दूध आणि थोडा आंबट गूळ, दोघं वेगवेगळे असते तर निभावून गेले असते. एकत्र आले की बिघडतं. "काल याच दुधाने काही झालं नाही, आज कसं झालं" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. भांड्याकडेही बघा. दह्याचं बोट लागलेला चमचा, जाळीत कालचं काहीतरी अडकलेली गाळणी, लिंबू पिळलेली वाटी, एवढ्यावरही काठावरचं दूध पडतं.

काहीजण यावर तोडगा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. दूध वाचतं खरं, पण सोडा जरा जास्त झाला की ते नारिंगी-तांबूस होतं, कारण हळदीतला रंग आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत लाल होतो. वर साबणासारखी चव येते. मला हा तोडगा अजिबात पटत नाही.

फाटलेलं दूध ताजं असेल तर टाकू नका. फडक्यातून गाळा, चोथ्यात मीठ-मिरी घालून खा, पाणी पीठ मळायला घ्या. पोळ्या पिवळ्या होतील, एवढंच.

माझा आताचा क्रम

एका मोठ्या कपाला, म्हणजे २५० मिली दुधाला: पाव कप पाणी, अर्धा छोटा चमचा हळद, तीन-चार ठेचलेले मिरे, अर्धा इंच आलं किसून, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक वेलदोडा, अर्धा चमचा तूप, चवीला गूळ.

पातेल्यात आधी पाणी. त्यात आलं, दालचिनी, मिरे आणि हळद. हळद पाण्यात पडताना गोळे होतात, म्हणून ती आधी वाटीत चमचाभर पाण्यात कालवून घ्या. हे सगळं पाच ते सात मिनिटं उकळू द्या, पाणी निम्म्यावर येईल आणि कच्चा, मातकट वास जाऊन एक उबदार वास यायला लागेल. त्या वासाची वाट बघा, घड्याळाची नको. मग तूप घाला, ढवळा, त्यावर दूध ओता. कडेला बुडबुडे यायला लागले की वेलदोडा ठेचून टाका, एक हलकी उकळी येऊ द्या आणि बंद. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा, गाळा, मग गूळ.

दूध ओतण्याआधी पातेल्यात पाणी असल्याने एक फायदा फुकट मिळतो: दूध तळाला कमी लागतं. तरी तळ पातळ असेल तर ढवळत राहा. हळदीच्या दुधाला करपट वास लागला तर तो कुठल्याही मसाल्याने झाकला जात नाही.

तळाशी बसणारा गाळ

फाटण्याखालोखालची तक्रार ही. शेवटचा घोट वाळू प्यायल्यासारखा लागतो आणि मुलं कप तसाच ठेवून पळतात.

हळद दुधात विरघळत नाही, हे एकदा मान्य करून टाकायचं. हळदपूड म्हणजे वाळलेला कंद दळलेला. त्यात पिष्ट आहे, तंतू आहेत. तिच्यातलं करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, स्निग्ध पदार्थात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. त्यामुळे कितीही ढवळलं तरी थोडा गाळ बसणारच. तो कमी करता येतो. पाण्यात नीट शिजवलेली हळद फुगून मऊ होते, दाताखाली कचकचत नाही. वरून गरम दुधात भुरभुरवलेली कोरडी हळद सगळ्यात जास्त कचकचते, आणि घाईत बहुतेकजण तेच करतात.

रोज करत असाल तर आठवड्याची पेस्ट करून ठेवा: पाव कप हळद, अर्धा कप पाणी, मंद आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं, पातेलं सोडायला लागेपर्यंत. गार झाल्यावर चमचाभर तूप मिसळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. कोरडा चमचा वापरा. एका कपाला पाऊण छोटा चमचा पुरते. हळद शिजलेली असल्याने मग दूध पाच मिनिटांत होतं.

साध्या गाळणीतून बारीक हळद निसटते. पातळ फडक्यातून गाळलं तर दूध रेशमासारखं होतं, पण बरीचशी हळदही फडक्यातच राहते. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गाळून टाकायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी साध्या गाळणीने गाळते, कपात रवीने फेटते आणि गाळ बसायच्या आत प्यायला लावते. फेसामुळे सायही धरत नाही.

कडवट, तिखट, बुळबुळीत

कडू लागत असेल तर पहिला संशय प्रमाणावर. एका कपाला अर्ध्या छोट्या चमच्यापेक्षा जास्त हळद घातली की औषध होतं. "जास्त हळद म्हणजे जास्त गुण" हे डोक्यातून काढा. दुसरा संशय तुपावर: काहीजण कोरडी हळद कडकडीत तुपात टाकतात, ती दहा-पंधरा सेकंदांत काळपट होते आणि मग अख्खं दूध कडू. तुपात परतायचीच असेल तर तूप नुसतं वितळलेलं असताना टाका आणि वास सुटताच पाणी घाला.

घशाला झोंबत असेल तर मिरे कमी करा. जिभेला बधिर झाल्यासारखं वाटत असेल तर लवंग जास्त झालीय, एका कपाला एक पुरे आणि तीही न ठेचता.

दूध बुळबुळीत, लाळेसारखं झालं असेल तर दालचिनीची पूड घातली असणार. तिच्यातला चिकट अंश गरम द्रवात फुगतो. आख्खा तुकडा टाका आणि काढून घ्या. शिवाय जाड सालीच्या, म्हणजे कॅशिया जातीच्या दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, ते रोज भरपूर पोटात जाणं यकृताला बरं नाही. जायफळही किसणीवर एक-दोनदा फिरवण्यापुरतंच. चमचाभर जायफळ हा विनोदाचा विषय नाही, त्याने माणूस खरंच आजारी पडतो.

दुधाऐवजी इतर काही वापरत असाल तर: सोयाचं दूध गुळाने गाईच्या दुधापेक्षा लवकर फाटतं, नारळाचं दूध खळखळ उकळलं की फुटतं, ओटचं जास्त तापवलं की खळीसारखं होतं. तिन्हींना मसाल्याचं पाणी वेगळं उकळून शेवटी मिसळणं आणि फक्त गरम करणं, एवढंच लागू पडतं. बदामाचं दूध पातळ असतं, त्यात तूप वर तरंगतं. फेटा.

मध घालणार असाल तर दूध पिण्याइतकं कोमट झाल्यावर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, कशातूनही नाही.

मिरे घालावेत का, आणि किती अपेक्षा ठेवावी

हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की इथेच उत्तर देते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन आणि त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा करक्युमिन शरीराला उपलब्ध होण्याचं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण त्यातले २ ग्रॅम हे शुद्ध करक्युमिनचे आहेत. हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. अर्धा छोटा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या कपात करक्युमिन ४५ मिलिग्रॅम वगैरे. अभ्यासातला डोस त्याच्या चाळीसपटीहून जास्त. शिवाय तिथे रक्तातलं प्रमाण मोजलं होतं, कोणाचा खोकला किंवा सांधेदुखी नाही.

म्हणून मिरे जरूर घाला, चव सुधारते आणि तत्त्वाने ते बरोबरही आहे. तूप किंवा पूर्ण साईचं दूधही त्याच कारणाने बरं. पण रात्री गरम, किंचित तिखट, गोडसर काहीतरी घशाखाली गेलं की घसा सैलावतो आणि अंगात ऊब येते, एवढ्यावर मी हे दूध करते. खोकला दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळला तर दुधाचा कप बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, मूतखड्याचा त्रास होऊन गेला असेल किंवा लोह कमी असेल, तर रोजचं हळदीचं दूध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. हळदीत ऑक्झलेट असतं आणि करक्युमिन लोहाला धरून ठेवतं. भाजीतल्या हळदीबद्दल कोणी काळजी करत नाही, पण रोज रात्री वेगळा कप सुरू केला की हिशोब बदलतो. मधुमेहींनी गूळ म्हणजे साखरच धरावी. तयार मिश्रणाची बरणी वापरत असाल तर घटकांची यादी वाचा. पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही बहुतांशी साखरच विकत घेतलीय.

आणि भेसळीबद्दल. पाण्याच्या ग्लासात हळद टाकून बघायची घरगुती परीक्षा ढोबळ आहे. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला असू शकतो, पण शिशाचा अंश त्यातून कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. भेसळीच्या हळदीने दूध फाटतं हा समज मात्र सोडून द्या. त्यावरून मी एक चांगला डबा जवळजवळ फेकला होता.

शेवटी डागांचं. गाळलेलं फडकं किंवा दूध सांडलेला टॉवेल साबणात टाकला की डाग एकदम लालभडक होतो, आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो. सोड्याने जे दुधात होतं तेच साबणाने कापडावर होतं. कापड साध्या पाण्यात खळबळलं की तो परत पिवळा होतो. तेव्हा घासत बसू नका. कापड ओलं असतानाच कडक उन्हात वाळत घाला. करक्युमिन उजेडात टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग विटून जातो. प्लास्टिकच्या भांड्याचं झाकण पिवळं झालं असेल तर तेही उन्हात ठेवा.